घासून लख्ख केलेली साक्ष

मित्रांनो, मी एक जुनी बरणी आहे. साखरेची नव्हे, औषधाचीही नव्हे. धुळीची. हसू नका. धूळ साठवायला कुणी बरणी ठेवते का, हा प्रश्न विचारून विचारून लोकांनी माझे अर्धे आयुष्य खाल्ले आहे. म्हणून आधीच सांगून ठेवते, मी मनाची प्रेमळ असले तरी या घडीला पुरती वैतागलेली आहे, आणि माझे गाऱ्हाणे संपेपर्यंत तुम्हाला उठता येणार नाही.

माझा जन्म भट्टीतला. वाळू आणि चुना वितळून लालबुंद रस झाला, एका काच फुंकणाऱ्याने गाल फुगवून त्यात आपला श्वास भरला आणि मी झाले. आपण कुणाच्या तरी श्वासाने उभे राहिलो आहोत, ही जाणीव मला तेव्हापासून आहे. श्वासाच्या गोष्टीत मी जरा हळवी आहे ती त्यामुळेच. मला मान नाही, दांडी नाही, नक्षी नाही. तोंड मात्र वीतभर रुंद आणि मोजूनमापून केलेले.

माझे काम सोपे आहे. उघड्यावर तीस दिवस आ वासून बसायचे आणि वरून जे पडेल ते पोटात घ्यायचे. पोटात थोडे पाणी असते, म्हणजे आत आलेली धूळ पुन्हा उडून जात नाही. पाण्याला शेवाळ धरू नये म्हणून त्यात निळ्या औषधाची चिमूट टाकतात. एकतिसाव्या दिवशी मला प्रयोगशाळेत नेतात, पाणी गाळतात, गाळ वाळवतात आणि केसाचेही वजन सांगणाऱ्या तराजूत तो तोलतात. जेवढा गाळ, तेवढी त्या जागेची धूळ. मी काळीकुट्ट होऊन परतले तर माझे काम चोख झाले. स्वच्छ परतले तर एकतर तिथली हवा चांगली, नाहीतर कुणीतरी लबाड. तिसरीही एक शक्यता असते, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते.

तरुणपणी मी पुष्कळ हिंडले. एका दगडखाणीच्या कडेला बसले, एका चुन्याच्या भट्टीजवळ बसले. एका शाळेच्या छपरावर बसले, तेव्हा माझ्या पोटातला गाळ पाहून शाळेपुढचा कच्चा रस्ता महिन्याभरात पक्का झाला. मुख्याध्यापकांनी मला हातात धरून सगळ्या वर्गांत फिरवले. तो माझा मानाचा काळ. पुढे काठाचा एक टवका उडाला, नव्या बरण्या आल्या आणि मी कपाटाच्या तळाशी गेले. तिथे सहा वर्षे पडून होते, आणि गंमत अशी की त्या सहा वर्षांत माझ्यावर जी धूळ बसली ती कुणीच मोजली नाही.

मग एक दिवस कपाट उघडले आणि मला कोळशाच्या खाणीवर पाठवण्यात आले.

ही खाण जमिनीखालची. वरून पाहाल तर उंच चाकाचा एक मनोरा, पत्र्याच्या चार शेडी आणि लांबलचक भिंत, एवढेच. परक्या माणसाला वाटते, खाण खाली आहे, वरच्यांना कसला त्रास? पण खालचा कोळसा खाली राहत नाही. तो धावत्या पट्ट्यावरून वर येत होता. हा पट्टा उघडा, भिंतीला लागून असलेल्या गल्लीच्या कडेने जाणारा, आणि पट्ट्याच्या टोकाशी कोळसा तीन मजले उंचीवरून ढिगावर कोसळायचा. प्रत्येक कोसळण्याबरोबर एक काळा ढग उठायचा आणि वारा त्याला उचलून गल्लीत आणून सोडायचा. भरीला उघडे ट्रक होते. खालच्या कामगारांना हवा पुरवणारा प्रचंड पंखा होता, त्याचे तोंड नेमके गल्लीकडे. गल्लीतली माणसे एकमेकांशी ओरडून बोलायची. पाहुण्यांना वाटायचे, रोजच भांडण चालू आहे.

गल्लीची मागणी एकच होती, पट्ट्यावर छप्पर घाला. दोन वर्षे अर्ज झाले. शेवटी मॅनेजरसाहेबांनी बैठकीत सांगितले की आधी मोजू. वर्षभर मोजू. सलग तीन महिने धूळ मर्यादेपेक्षा जास्त आली तर छप्पर, नाहीतर हा विषय कायमचा बंद. पट्ट्याला सगळ्यांत जवळची जागा धरायची असे ठरले, आणि ती जागा होती लाँड्रीकाकूंची गच्ची.

आता लाँड्रीकाकूंबद्दल सांगायलाच हवे, कारण माझ्या वैतागाचे मूळ तिथे आहे.

काकूंची लाँड्री खालच्या खोलीत. एक धुलाईयंत्र, दोन मोठ्या टाक्या, इस्त्रीचे लांब टेबल, आणि वर गच्चीत बारा दोऱ्या. त्यांचे मोठे काम एकच, प्रसूतीच्या दवाखान्यातल्या पांढऱ्या चादरी आणि बाळांची दुपटी. स्वच्छतेच्या बाबतीत काकूंचा हात धरणारे कुणी नव्हते. देवाने त्यांना घडवताना हातात फडके देऊनच खाली पाठवले असावे. त्या दाराची कडी घासायच्या, विजेचे बटण पुसायच्या, आलेल्या माणसाशी बोलता बोलता त्याच्या खांद्यावरची कस्पटे झटकायच्या. आणि अशा बाईच्या डोक्यावर उघडा पट्टा! सकाळी धुतलेल्या चादरींवर दुपारपर्यंत काळे ठिपके. चादरी पुन्हा टाकीत. दवाखान्यातल्या मोठ्या सिस्टरनी दोनदा गठ्ठा परत पाठवला होता आणि शांतपणे निरोप दिला होता की बाळाच्या नाकाशी काळे कण मला चालणार नाहीत. तिसऱ्यांदा असे झाले तर काम दुसरीकडे जाईल. काम गेले की लाँड्री गेली. छप्पर सगळ्या गल्लीला हवे होते, पण काकूंचे सगळे त्याच्यावरच अवलंबून होते.

मला बसवायला प्रयोगशाळेतली एक तरुण अधिकारी आली. गल्लीने तिचे नाव पहिल्याच दिवशी धूळबाई ठेवले. मुलगी गुणी, पण बोलणे सगळे कागदावरचे. पुरुषभर उंचीच्या लोखंडी घोडीवर मला ठेवून तिने काकूंना मर्यादा, सरासरी, संकलन असे बरेच काही ऐकवले. काकूंनी मान डोलावली. कळले नाही हे सांगायची त्यांना लाज वाटली. जाताना धूळबाई एवढेच सोपे बोलली, की काकू, बरणी तुमच्या हवाली, नीट सांभाळा.

सांभाळा! मित्रांनो, इथेच घात झाला.

एकोणतीस दिवस मी माझे काम केले. पोटात बोटभर काळा गाळ जमला. शाळेच्या छपरावर वर्षात जमला नव्हता एवढा. माझी छाती अभिमानाने फुगली. तिसाव्या दिवशी काकू स्टूल घेऊन वर आल्या, माझ्यात डोकावल्या आणि त्यांचा चेहरा पडला. उद्या ती परकी मुलगी येणार, आणि आपल्या घरची बरणी ही अशी? लोक काय म्हणतील, लाँड्रीवालीच्या गच्चीवर ही घाण? त्यांनी मला खाली नेले, तो अनमोल गाळ मोरीत ओतला, सोडा लावला, घासणीने घासले, गरम पाण्याने खळबळले आणि उन्हात उपडी घातले. मग आधीच्याच खुणेपर्यंत नळाचे पाणी भरले. आधीचे पाणी निळसर होते हे त्यांच्या लक्षात होते, म्हणून कपड्यांना घालायच्या निळीचे दोन थेंब टाकले, आणि मला घोडीवर नेऊन बसवले. वर चार पावले मागे जाऊन कौतुकाने पाहिलेसुद्धा.

मी काय करणार? मला तोंड वीतभर, पण जीभ नाही.

हे असे दर महिन्याला चालले. बारा महिने. मी भरायचे, काकू घासायच्या. धूळबाई मला घेऊन जायची, प्रयोगशाळेत मला गाळायची, आणि आकडा यायचा एवढासा. ती पोर चक्रावली. गच्चीवर येताना तिच्या चष्म्यावर काळे थर बसायचे, ते पुसत पुसत ती माझ्याकडे अशी संशयाने पाहायची की मला मेल्याहून मेल्यासारखे व्हायचे. गाळणीच्या कागदावर निळसर छटा दिसते, हेही तिने टिपून ठेवले. पण ती कशामुळे दिसते, हे काही तिला उमगेना. तिकडे काकू चादरी दोनदोनदा धूत होत्या, पट्ट्याच्या नावाने बोटे मोडत होत्या आणि देवाला विचारत होत्या की या खाणवाल्यांचा लबाडपणा उघडा कसा पडत नाही. तो दर महिन्याला त्यांच्याच मोरीतून वाहून जात होता, मित्रांनो. काखेत कळसा आणि गावाला वळसा!

घरात त्यांचे सासरे होते. त्यांना सगळे आबा म्हणत. तीस वर्षे त्यांनी याच खाणीच्या पोटात काम केले होते आणि आता पायरी चढताना दोनदा थांबून खोकायचे. छपराची मागणी त्यांना मुळीच पसंत नव्हती. ज्या खाणीने चूल पेटवली तिच्यावर अर्ज करायचे? जेवताना ते सुनेला म्हणायचे, "खाल्ल्या घरचे वासे मोजतेस तू." काकू उलट उत्तर देत नसत, फक्त त्यांची वाटी जरा जोरात ठेवत.

वर्ष संपले आणि शेवटची बैठक खाणीच्या उपाहारगृहात भरली. सगळी गल्ली आली. मला टेबलावर ठेवले होते, बाराव्या महिन्याचे घासणे नुकतेच झालेले, त्यामुळे मी आरशासारखी चमकत होते. मॅनेजरसाहेबांनी आकडे वाचले. एकही महिना मर्यादेच्या जवळपास नव्हता. मग त्यांनी मला उचलून उजेडात धरले आणि म्हणाले, आपल्या डोळ्यांनी बघा, याला धूळ म्हणतात का? माणूस वाईट नव्हता हो. त्याला खरेच वाटत होते की गल्ली कांगावा करते. कागदावर तसेच लिहिले होते ना.

गल्ली खवळली. बरणी खोटी आहे, असे कुणी म्हणाले. धूळबाई फितूर आहे, असे कुणी म्हणाले. ती बिचारी लालेलाल झाली आणि पहिल्यांदाच कागदावरची भाषा सोडून बोलली, की मी काहीच केलेले नाही, जेवढी घाण बरणीत पडते तेवढीच मी मोजते, आत घाण नसेल तर मी आणू कुठून?

मी काकूंकडेच पाहत होते. हे वाक्य ऐकले आणि त्यांच्या हातातले फडके थांबले. चेहऱ्यावरचा रंग उतरला. मनात काय चालले असेल ते मला काचेतून दिसावे तसे दिसत होते. गप्प राहिले तर कुणाला कधी कळणार नाही, पण छप्पर जाईल, चादरी जातील. बोलले तर सगळ्या गल्लीदेखत आपली अक्कल आणि घरची घाण दोन्ही उघड्यावर. कीर्तनात बुवा ऐन रंगात थांबले की ऐकणारे कसे श्वास धरतात, तशी मी थांबले होते.

काकू उभ्या राहिल्या.

"ती बरणी मी घासते, साहेब."

कुणाला ऐकू गेले नाही. बाहेर पंखा घरघरत होता. त्यांनी पुन्हा, आपल्या गल्लीच्या आवाजात सांगितले, "बरणी मी घासते. दर महिन्याला, आदल्या दिवशी. सोडा लावून."

मग मागच्या बाकावर कुणीतरी खुदकले आणि सगळे उपाहारगृह हसायला लागले. मॅनेजरसाहेबही. धूळबाईने कपाळाला हात लावला आणि विचारले, "आणि ते निळं?"

"नीळ," काकू म्हणाल्या. "पाणी निळं होतं ना आधी. म्हटलं, फरक नको दिसायला."

हसणे आणखी वाढले. काकू बसल्या नाहीत. डोळ्यांतून पाणी वाहत होते, पण बोलत राहिल्या. मला कळले नव्हते, मी विचारले नाही, चूक माझी. पण आत जे असते ते मी दर महिन्याला पाहिलेय, बोटभर असते, आणि तुम्ही हसून घ्या, पण पुन्हा मोजा. तेवढे ऐकल्यावर हसणे आपोआप विरले. या बाईच्या चादरी सगळ्यांनी पाहिल्या होत्या.

मॅनेजरसाहेब म्हणाले, मग वर्षभराचे आकडे रद्द. आता पुढचे तीन महिने, फक्त तीन. एक महिना जरी कमी आला तरी विषय बंद.

ते तीन महिने काकूंनी कसे काढले ते त्यांना ठाऊक आणि मला. मोठ्या सिस्टरना त्यांनी स्वतः जाऊन सगळे सांगितले. सिस्टरनी ऐकून घेतले, पण बाळांच्या दुपट्यांवर ठिपका चालणार नाही, यावर त्या ठाम राहिल्या. मग चादरी घरात वाळू लागल्या. स्वयंपाकाच्या ओट्यावर चादर, आबांच्या पलंगावर चादर, घरातली माणसे वाकून वाकून चालायची. भिंतींना ओल धरली. अर्धेच काम झेपायचे, अर्धे दवाखान्याने दुसऱ्या लाँड्रीला दिले.

आणि रोज सकाळी काकू फडके घेऊन वर यायच्या. माझ्याकडे पाहायच्या. हात पुढे व्हायचा, मागे जायचा. घोडी पुसायच्या, कठडा पुसायच्या, खिळेसुद्धा पुसायच्या, आणि माझ्याकडे पाठ करून खाली जायच्या. एकदा तर मला म्हणाल्या, "बघवत नाही गं बाई तुझ्याकडे." मी मनात म्हटले, काकू, तेच तर हवे आहे.

पहिला महिना मर्यादेच्या दुप्पट. दुसराही. तिसऱ्या महिन्याच्या अखेरीस, एका दुपारी काकू दवाखान्यात गेलेल्या असताना, जिन्यावर खोकल्याचा आवाज आला. आबा वर येत होते. एका हाताने कठडा धरलेला, दुसऱ्या हातात पाण्याचा तांब्या आणि घासणी.

हा म्हातारा खाणीची लाज राखायला आला आहे, हे कळायला अक्कल लागत नव्हती. बारा महिने सुनेने नकळत केले ते हा जाणूनबुजून करणार. मला घोडीवरून उतरवून त्यांनी मांडीवर घेतले, आणि तांब्या तिरपा करण्याआधी सवयीने आत पाहिले. पाहतच राहिले. बोट बुडवून गाळ वर काढला, अंगठ्यावर चोळला, वास घेतला. हा त्यांच्या ओळखीचा होता. तीस वर्षे रोज संध्याकाळी नाका-डोळ्यांतून त्यांनी हाच धुऊन काढला होता. शेजारच्या दोरीवर, बाहेर चुकून राहिलेले एकच दुपटे वाळत होते, एवढेसे, हातभर. त्याच्यावरही तोच.

मग ते माझ्याशी नाही, खालच्या मनोऱ्याकडे पाहून बोलले.

"आम्ही खाली गिळली ती पुरे नाही झाली का रे?"

आबांनी तांब्यातले पाणी स्वतः पिऊन टाकले. मला पुन्हा घोडीवर ठेवले, एक थेंबही सांडू दिला नाही. आणि दुसऱ्या दिवशी धूळबाई येईपर्यंत ती उरलेली दुपार आणि पुढची सकाळ खुर्ची टाकून ते तिथेच बसून राहिले. सुनेने विचारले तर म्हणाले, ऊन खातोय.

तिसऱ्या महिन्याचा आकडा सगळ्यांत मोठा आला.

मॅनेजरसाहेब शब्दाला जागले, हे मी मोकळ्या मनाने सांगते. पट्ट्यावर पत्र्याचे छप्पर आणि दोन्ही बाजूंनी आडोसा आला. कोळसा आता उंचावरून न कोसळता एका नळीतून ढिगावर उतरतो, ढिगावर पाण्याचा फवारा चालतो, ट्रक ताडपत्री बांधूनच फाटकाबाहेर पडतात. पंख्याचे तोंड गल्लीकडून वळवले. पहिल्या दिवशी गल्ली सवयीने ओरडतच बोलत होती आणि मग सगळेच एकदम ओशाळले. चादरी गच्चीत परत आल्या. दवाखान्याचे सगळे काम मात्र परत आले नाही. दुपटी काकूंकडे आली, मोठ्या चादरी त्या दुसऱ्या लाँड्रीतच राहिल्या. झालेल्या उशिराची तेवढी किंमत पडलीच.

आता शेवटचा वैताग ऐका आणि मग मोकळे व्हा. छप्पर झाल्यावर सहा महिन्यांनी आकडा खाली आला, आणि लगेच खाणीचे पत्र आले की धूळ कमी झाली आहे, तरी बरणी काढून न्यावी. वा रे वा! ताप उतरला म्हणून वैद्याला गावाबाहेर काढायचे! काकूंनी ते पत्र वाचले, नीट चौकोनी घडी घातली आणि मला न्यायला आलेल्या माणसाला दारातच सांगितले, "बरणी हलणार नाही. साहेबांना म्हणावं, धुण्यातलं मला कळतं. एकदा धुतलं म्हणजे कायमचं स्वच्छ झालं, असं कपडासुद्धा म्हणत नाही." तो माणूस रिकाम्या हाती गेला. पुढच्याच महिन्यात वाऱ्याने छपराचे दोन पत्रे सरकले. माझ्या पोटात गाळ वाढला, धूळबाईने लगोलग कळवले आणि दोन दिवसांत पत्रे जागेवर बसले. दुपट्यांवर त्या खेपेला एकही ठिपका पडला नाही.

म्हणून मित्रांनो, हात जोडता येत नाहीत तरी विनवते. तुमच्या शेजारी खाण असो, कारखाना असो की नुसता धुराडे असलेला भट्टीवाला, त्याचा राग राग करू नका. त्याच्यामुळेही कुणाची चूल पेटते. पण त्याची धूळ त्याने त्याच्याच अंगणात ठेवावी, हे न लाजता सांगा. ती झाकून ठेवू नका, पुसून टाकू नका, आणि कळले नाही तर तिथल्या तिथे विचारा. विचारल्याने घराची शोभा जात नाही. आणि गच्चीवर माझ्यासारखी एखादी बरणी दिसली, तर लांबूनच बघा. आज माझा सतरावा दिवस आहे. तळाशी अगदी पातळ, नखाएवढा थर आहे. एकतिसाव्या दिवशी तो कितीचा भरतो, ते धूळबाईला बघू द्या.